सेल डेथमध्ये पीएचडी करू का? घरचे म्हणतात मेलेल्या पेशींचं काय करिअर

संत्राबर्फी:
नमस्कार मंडळी, मी नागपूरची, एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या सेमला आहे. प्रोजेक्टमध्ये संत्र्याच्या सालीचा अर्क हेला पेशींवर (लॅबमध्ये वाढवतात त्या कॅन्सरच्या पेशी) टाकला, एमटीटी ही रंगाची टेस्ट केली, रंग उतरला, गाइड म्हणाले ॲपॉप्टोसिस (पेशीचं ठरल्याप्रमाणे गुपचूप मरणं) झालं लिहून टाक. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे की मेल्या त्या नेमक्या कशा मेल्या? यातच पीएचडी करावी वाटून राहिलं. बाबा म्हणतात नेट काढ अन् कॉलेजात लाग, मेलेल्या पेशींवर कोण पगार देते बापा. आई मात्र मावशीला फोनवर सांगून मोकळी, पोरगी कॅन्सरवर औषध शोधून राहिली म्हणून. या फील्डमधलं कोणी असेल तर खरं काय ते सांगा.

पिपेटवाली:
मी मूळची धरमपेठची, पीएचडी पुण्यात केली, आता १४ वर्षं याच धंद्यात आहे. आधी तुझ्या प्रोजेक्टचं बोलू. एमटीटीनी पेशी मेली हे कळतच नाही गं, जिवंत पेशी त्या पिवळ्या पावडरचं जांभळं करतात, पेशी नुसती सुस्त पडली किंवा वाढायची थांबली तरी रंग कमीच येतो. आणि डोस वाढवत नेला तर चहानीसुद्धा हेला मरतील. कॅस्पेज (पेशी मारताना प्रथिनं कापणारे एन्झाइम) चालू झाले का, त्यांनी कापलेल्या पार्प प्रथिनाची पट्टी ११६ किलोडाल्टनवरून ८९ ला आली का, हे ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत दाखवणारी टेस्ट) दिसलं तर पुढचं बोलायचं.

माझी गंमत सांगते. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी उंदराच्या एल९२९ पेशींना टीएनएफ (पेशींना सिग्नल देणारं प्रथिन) दिलं आणि सोबत कॅस्पेज बंद करणारं झेडव्हॅड घातलं. हिशोब साधा, मारणारी कात्री बंद म्हणजे पेशी वाचणार. सकाळी डिश पाहिली तर सगळ्या सुटून तरंगत होत्या, नुसत्या टीएनएफवाल्या डिशपेक्षा कितीतरी जास्त. वाटलं ट्यूबा बदलल्या, तीनदा केलं, तेच. मग वाचलं तर बेल्जियमच्या लोकांनी हे १९९८ लाच छापून ठेवलेलं! कॅस्पेज-८ एरवी रिपके१ आणि रिपके३ या प्रथिनांना कापून गप्प बसवतो, तो बंद केला की ते दोघं एमएलकेएल या तिसऱ्या प्रथिनाला उठवतात आणि तो पेशीच्या पडद्यालाच भोकं पाडतो. म्हणजे तोच टीएनएफ कधी जग म्हणतो, कधी गुपचूप मर म्हणतो, कधी फुटून मर म्हणतो. सिग्नलिंग म्हणतात ते हेच, मला याच्यातच आयुष्य गेलं तरी चालेल असं त्या दिवशी वाटलं (पुढे फंडिंग संपलं तेव्हा नाही वाटलं, असो).

बाबांना सांग, सी. एलेगन्स नावाच्या मिलिमीटरभर किड्यात १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरल्या वेळी मरतात, त्या कामाला २००२ चं नोबेल मिळालं. आणि बीसीएल-२ हे प्रथिन पेशी वाढवत नाही तर मरू देत नाही हे १९८८ ला कळलं, त्यालाच अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स गोळी रक्ताच्या कॅन्सरवर अमेरिकेत २०१६ ला मंजूर झाली. मधली २८ वर्षं कोणीतरी पगारावरच काढली ना!

बर्डीचा_बंड्या:
ताई बोलली ते सगळं खरं पण पोटाचं पण बोला भाऊ. जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) काढल्याशिवाय जाऊ नको. जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ ४२,०००, घरभाडं वेगळं. पण महिन्याच्या महिन्याला येईलच असं नाही, माझी एकदा पाच महिने अडकली होती, रूममेटच्या जिवावर तर्री पोहे खाऊन दिवस काढले. लॅब निवडताना गाइडला नाही, तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या पोरांना विचार, अन् तेही बाहेर चहाला नेऊन. अँटिबॉडी मागवली की किती महिन्यांनी येते हे नक्की विचार, ब्लॉटच्या फील्डमध्ये अर्धी पीएचडी त्या कुपीची वाट पाहण्यातच जाते.

संत्राबर्फी:
खूप थँक्यू दोघांना! आज गाइडला झेडव्हॅड मिळेल का विचारलं तर म्हणाले सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे, डोकं नको चालवू. मग मीच ॲपॉप्टोसिस खोडलं आणि "पेशींचं मरण दिसून आलं" असं लिहिलं.

पिपेटवाली:
मरणही खोड. रंग कमी झाला, एवढंच लिही. आणि अर्क कशात काढला होता? इथेनॉलमध्ये असेल तर तुलनेला नुसतं इथेनॉल टाकलेल्या पेशींचा कंट्रोल लावला होतास ना?

संत्राबर्फी:
ताई… उद्या लॅबमध्ये जाऊन सांगते.