घरगुती वाइल्डकॅट काडतुसे : कारागिरी की हौसेपायी ओढवून घेतलेला धोका?

पेनसिल्व्हेनियाकर :
काल एका सदस्याने येथे लिहिले की, 2007 साली 6.5 क्रीडमूर हे कारखान्याचे तयार काडतूस बाजारात आल्यानंतर घरी बसून स्वतःचे वाइल्डकॅट काडतूस (कारखाना विकत नाही, हौशी माणूस तयार पुंगळीचा आकार बदलून बनवतो ते) घडवणे हा निव्वळ रिकामटेकड्यांचा उद्योग उरला आहे. हे वाचून राहवले नाही. ज्या .22-250 काडतुसाने आपण प्रेअरी डॉग (बिळात राहणारा खारीच्या कुळातला प्राणी) टिपता, ते रेमिंग्टनने 1965 साली कारखान्यात आणण्यापूर्वी कित्येक वर्षे हौशी मंडळी .250-3000 सॅव्हेजच्या पितळी पुंगळीची मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, आवळून घरीच बनवत होती. .25-06 च्या बाबतीत तर कारखान्याला जाग यायला 1969 उजाडले. ज्यांच्या जिवावर माल विकला, त्यांनाच रिकामटेकडे म्हणायचे?

क्रीडमूरवाला :
तो सदस्य मीच. इतिहास मान्य आहे, परंतु त्या इतिहासावर आजचा खर्च निघत नाही. खास रीमर (नळीत काडतुसाची जागा कोरणारे हत्यार), खास डाय (पुंगळीला आकार देणारा साचा), नवी नळी एवढा खटाटोप करून हाती काय लागते? पुंगळीची क्षमता चार टक्क्यांनी वाढवली तर वेग जेमतेम एक टक्का वाढतो, हा जुना आडाखा आपणही जाणता. .30-06 च्या पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) चाळीस अंशांचा करून मिळालेला जादा वेग हरणाला कळत नाही, फक्त मालकाला कळतो.

दाबमापे :
वेगाचे राहू द्या, प्रश्न दाबाचा आहे. .30-06 ची कमाल मर्यादा 60,000 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) आणि त्याच वंशातील .270 ची 65,000, हे प्रयोगशाळेत मोजून ठरलेले आकडे आहेत. आपल्या वाइल्डकॅटची मर्यादा कोणी मोजली? क्रोनोग्राफ वेग सांगतो, दाब सांगत नाही. आणि प्राइमर (पुंगळीच्या बुडातील ठिणगी पाडणारी टोपी) चपटा दिसू लागेपर्यंत किंवा रायफलचा बोल्ट उचलताना अडेपर्यंत मर्यादा बहुधा मागे पडलेली असते.

पेनसिल्व्हेनियाकर :
अमेरिकी बंदूक-कारागीर ॲकले यांनी जुन्या लष्करी रायफली मुद्दाम फुटेपर्यंत तपासल्या आणि सर्वांनी हिणवलेली जपानी अरिसाका त्यांत सर्वांत टणक निघाली. हे ज्ञान मोठ्या कारखान्याने नव्हे, वाइल्डकॅट घडवणाऱ्या एका कारागिरानेच मिळवले.

दाबमापे :
ॲकले रायफली फोडण्यासाठीच फोडत होते. आपण खांद्याला लावून फोडता.

विदर्भवासी :
आपल्याला निदान वाद घालण्याची चैन आहे. आमच्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याशिवाय काडतूस भरणे हाच गुन्हा. लष्करी काडतूस म्हणून .303 बंद, त्यामुळे आजोबांपासून .315 वर भागवतो आहोत.

पेनसिल्व्हेनियाकर :
बंदीनेही काडतुसे जन्माला घातली आहेत. इंग्रजांनी भारतात .450 रोखले, म्हणूनच तर .470 आणि .465 आली.

विदर्भवासी :
ती लंडनच्या बंदूकवाल्यांनी राजे-साहेबांसाठी काढलेली दुकानी काडतुसे होती. त्यांना वाइल्डकॅटच्या पंगतीला बसवू नका. आमच्या अडचणीचा आपल्या हौसेला दाखला म्हणून उपयोग करणे तर मुळीच शोभत नाही.

पेनसिल्व्हेनियाकर :
मी त्यांना वाइल्डकॅट म्हटलेलेच नाही. आधी नीट वाचावे, मग रागवावे.

मिशिगनची वहिनी :
भांडण झाले असेल तर एक सांगते. माझे अमेरिकन सासरे वारले तेव्हा तळघरात भरलेल्या काडतुसांचे अकरा डबे निघाले. प्रत्येक पुंगळीच्या बुडावर .30-06 असाच ठसा होता, पण मान आवळलेली आणि गोळी बारीक. डब्यावर ना नाव, ना दारूचे वजन. यजमान आणि मी दोन रविवार बसून एकेक गोळी उपसली, कारण ती कुणाला देण्याची छाती झाली नाही.

क्रीडमूरवाला :
हाच तो अनमोल वारसा, नाही का?

पेनसिल्व्हेनियाकर :
डब्यावर चिठ्ठी हवी होती, एवढे कबूल करतो. परंतु तो दोष आळसाचा आहे, वाइल्डकॅटचा नाही. काडतुसाचे नाव नळीवर कोरण्याची रीत त्यासाठीच आहे.

मिशिगनची वहिनी :
कोरले असेलही, भाऊ. रायफल त्यांनी आधीच विकून टाकली होती.