कॉलेजच्या आवारातलं पार्किंग: साखळी, दंड की आखणी?

आवार_समिती
नमस्कार मंडळी. पश्चिम नागपुरातल्या एका कॉलेजच्या पार्किंग समितीचं काम बघतो. कनिष्ठ आणि वरिष्ठ दोन्ही विभाग एकाच आवारात. रोज आठशेच्या आसपास दुचाक्या येतात, आखलेली जागा पाचशेची. उरलेल्या गाड्या लायब्ररीच्या पायऱ्यांपाशी, प्रयोगशाळेमागच्या रस्त्यावर, रॅम्पवरसुद्धा लागतात. सध्या गार्ड चाकाला साखळी लावतो आणि शंभर रुपये घेऊन सोडतो. त्यावरून रोज वाद. नवीन सत्राआधी नियम नव्यानं लिहायचे आहेत. कॉलेजला दंड घेता येतो का? ट्राफिकवाल्यांना बोलावून गाडी उचलता येते का? आणि मागच्या मोकळ्या जागेत गाड्या लावू द्याव्या का? माती काळी आहे.

कायदा_३१
कॉलेजचा दंड म्हणजे मोटार वाहन कायद्याचं चलान नव्हे, तो शिस्तीच्या नियमातला दंड. म्हणून तो माहितीपुस्तिकेत छापलेला हवा, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याची त्यावर सही हवी, आणि पैसे छापील नंबरच्या पावतीवर कॉलेजच्या खात्यात जायला हवेत. गार्डच्या हातात रोख देणं आजच थांबवा, निम्मे वाद तिथेच संपतील.

गाडी उचलणं किंवा चाक अडकवणं हे कायद्याच्या कलम १२७ मध्ये येतं, आणि त्याची परवानगी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानं द्यायची असते. तेही सार्वजनिक जागेसाठी. सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती. गेटबाहेरचा रस्ता त्यात निःसंशय येतो, तिथे पोलिसांना कळवा. गेटच्या आत, जिथे ओळखपत्र पाहून सोडता, तिथे हा मुद्दा वादाचा होतो, म्हणून आतली शिस्त आपल्याच नियमांवर उभी करा. चाकातली हवा सोडणं तर अजिबात नको, ते सरळ दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान आहे.

‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी लावली की सुटलो, असंही समजू नका. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलं की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली असेल, तर नुसत्या अशा सूचनेनं जबाबदारी टळत नाही. तेव्हा गार्डनं कोणाचीही किल्ली ठेवून घ्यायची नाही, हे लेखी द्या.

सिव्हिलवाला_नागपूर
दंडाआधी मोजणी करा भाऊ. चालू आठवड्यातले तीन दिवस, सकाळी ८, १०, १२ आणि दुपारी २ ला, आवारात उभ्या गाड्या मोजा. शनिवार धरू नका. दोन पाळ्या असतील तर बहुतेक ११.३० ते १२.३० मध्येच फुगवटा दिसेल, कारण सकाळची पाळी सुटलेली नसते आणि दुपारची आलेली असते. पाळ्यांमध्ये वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर ठेवलं तर बरीच गर्दी रंगाचा डबा न उघडता कमी होते.

आखणी करताना दुचाकीला ८० सेंमी रुंद आणि २ मीटर लांब जागा धरा. साध्या स्कूटरची रुंदी ७० सेंमीच्या आसपास असते. ६० सेंमीच्या पट्ट्या मारल्या तर हँडलला हँडल अडकतं, मधली गाडी निघत नाही आणि पुढच्या दिवशी तो मुलगा रॅम्पवर लावतो. २० बाय १३ मीटरच्या तुकड्यात दोन्ही कडांना एकेक रांग, मधे पाठीला पाठ लावून दोन रांगा, आणि दोन मार्गिका अडीच-अडीच मीटरच्या. रांगांच्या एका टोकाला दोन मीटर वळायला सोडले तर ८८ गाड्या नीट बसतात.

आता काळी माती. पावसात ती फुगते, साइड स्टँडचं टोक दोन बोटं रुतलं की गाडी कलते आणि शेजारच्या पाच-सहा घेऊन आडवी होते. आरसे आणि क्लच लिव्हर तुटतात, मग भांडण गार्डशी. त्यामुळे तशीच जागा उघडू नका. वरची साधारण ३० सेंमी माती काढा, १५-१५ सेंमीच्या दोन थरांत मुरूम टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा, आणि ५० ला १ असा उतार नालीकडे द्या. त्यावर रेतीचा थर आणि ६० मिमीचे पेव्हर (सिमेंटचे फरशी-ब्लॉक). चारचाकी येणार असेल तर ८० मिमी. कडेला कर्ब (काठाचा दगड) लागतोच, नाहीतर पेव्हर पसरतात. पैसे कमी असतील तर रांगेच्या मधोमध, जिथे स्टँड टेकतो, तिथे फक्त ६० सेंमीची पेव्हरची पट्टी घाला, बाकी मुरूम राहू द्या.

आणि सावली! मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, सीट तापते, म्हणून पोरं कडुनिंबाखाली आणि पोर्चमध्ये घुसतात. सावलीची रांग दिली की नियम पाळला जातो, हे मी ठामपणे सांगतो. शेडनेट स्वस्त, पण मे-जूनच्या वावटळीत फाटते, कडेला दोरीऐवजी तार ओवून घ्या. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळीच ठेवा.

गेट_क्रमांक_२
स्टिकर पुढच्या अ‍ॅप्रनवर (हँडलखालच्या पत्र्यावर) लावा, मागे लावला तर रांगेत दिसत नाही. नंबरप्लेटवर काहीही चिकटवू नका. लाल रंग नागपूरच्या उन्हात लवकर उडतो, निळा किंवा काळा बरा, वरून लॅमिनेशन. दरवर्षी रंग बदलला की जुना स्टिकर लांबूनच ओळखू येतो. नोंदवही शेवटच्या चार आकड्यांवर लावा. नागपूरच्या एमएच ३१, ४९, ४० तर येतातच, शिवाय वर्धा, भंडारा, चंद्रपूरच्या गाड्याही असतात, त्यामुळे चार आकडे सारखे असलेल्या दोन गाड्या निघतात. पूर्ण क्रमांक जुळवूनच चिठ्ठी लिहा.

चिठ्ठीवर वेळ, जागा, फोटो. पहिली चिठ्ठी ताकीद, दुसऱ्यांदा सात दिवस गाडी आत नाही, तिसऱ्यांदा सत्रभर स्टिकर रद्द. शंभर रुपयांपेक्षा सात दिवस पायी येणं जास्त लागू पडतं. साखळी ठेवायचीच असेल तर फक्त बंबाच्या मार्गावर, आणि किल्ली अशा माणसाकडे जो दहा मिनिटांत पोचेल. साखळी चाकाच्या आऱ्यांतून घाला, ब्रेकच्या डिस्कला घासली तर भरपाई तुमच्या माथी.

आवार_समिती
खूप आभार. अकरावी-बारावीच्या मुलांना स्टिकर द्यावा का? आणि रॅम्पसमोर खांब रोवले तर?

कायदा_३१
लायसन्सची प्रत घेतल्याशिवाय कोणालाच नको. सोळा वर्षांच्या मुलाला फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं लायसन्स मिळतं, रस्त्यावरच्या नेहमीच्या स्कूटर बहुतेक ११० सीसीच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या असतात. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. हे पालकसभेत वाचून दाखवा.

सिव्हिलवाला_नागपूर
व्हीलचेअरला ९० सेंमी मोकळी वाट लागते, आणि तेवढ्यातून ७० सेंमीची स्कूटर आत शिरतेच. खांबांनी फक्त चारचाकी थांबेल. रॅम्पच्या तोंडाशी पिवळे तिरपे पट्टे मारा आणि गार्डची खुर्ची तिथे ठेवा. दिव्यांगांची चारचाकी जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत, ३.६ बाय ५ मीटर. त्यातली जास्तीची रुंदी दार पूर्ण उघडून व्हीलचेअर लावायला असते, तिथे स्कूटर लावू देऊ नका.