राजेंद्रनगर, राऊ की महू? राहून पाहिलेल्यांचे अनुभव

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग आणि राजवाड्यामागच्या जुन्या गल्ल्यांमधली अनेक मराठी कुटुंबे आता आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूने दक्षिणेकडे घरे शोधत आहेत. या वाटेवर राजेंद्रनगर, राऊ आणि महू अशा तीन वस्त्या एकामागोमाग एक लागतात आणि इंदूरपासून महूपर्यंतचे अंतर जेमतेम 23 किलोमीटर भरते. तरीही राजेंद्रनगर इंदूर महापालिकेत आहे, राऊला स्वतःची नगर परिषद आहे, तर महूच्या मोठ्या भागाचा कारभार छावणी परिषदेकडे आहे. त्यामुळे पाणी, कचरा, रस्ते आणि बांधकामाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे पडतात. या तिन्ही ठिकाणांविषयी शहरात ठाम मते ऐकायला मिळतात. पण ती सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिथे एक उन्हाळाही काढलेला नसतो. म्हणून जे तिथे राहिले आहेत किंवा राहत आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. आपल्या भागाचा लौकिक कोणता आणि तो कितपत खरा ठरला, हे अवश्य सांगावे.

राजेंद्रनगर, निवृत्त शिक्षिका

आमच्या भागाची ओळख 'महाराष्ट्रीयांची कॉलनी' अशी आहे आणि ती अजूनही बरीचशी खरी आहे. भाजी घेताना मराठी कानावर पडते, हळदीकुंकवाला गल्लीतल्या गल्लीत बायका जमतात आणि गणेशोत्सवात लहान मुलांना मंचावर उभे करणारी माणसे अजून टिकून आहेत. सानंद न्यास या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेचे नाटक पाहून खंडवा रोडवरच्या सभागृहातून रात्री घरी परतणे आम्हाला अवघड जात नाही. माझ्या वयाच्या माणसाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

घरात नर्मदेची लाइन आहे. पाणी एक दिवसाआड येते, परंतु येते. 1970 साली नर्मदा इंदूरला आणावी म्हणून शहर रस्त्यावर उतरले होते आणि 1978 मध्ये जलूदहून पाणी उचलून सुमारे 70 किलोमीटर वाहून आणले गेले, तेव्हाचा आनंद माझ्या पिढीला आठवतो. त्यामुळे कोणी घर दाखवायला नेले की खोल्या पाहण्याआधी आम्ही नर्मदेची लाइन आहे का, हे विचारतो. कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते, आणि 2017 पासून स्वच्छतेत इंदूरचा जो लौकिक झाला आहे तो आमच्या दारापर्यंत पोहोचलेला आहे.

मात्र एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांनी समजून घ्यावी. पूर्वीचे बैठे बंगले पाडून त्या जागी मल्ट्या, म्हणजे बहुमजली इमारती, उभ्या राहत आहेत आणि गल्लीची रुंदी होती तेवढीच आहे. चोइथराम मंडीकडे जाणाऱ्या मालमोटारींमुळे पहाटेपासून मुख्य रस्ता भरलेला असतो. शिवाय अनेक घरांतली मुले पुण्याला किंवा बंगळुरूला आहेत आणि मागे आम्ही ज्येष्ठच उरलो आहोत. लहान मुले असलेली कुटुंबे इथे यावीत, असे मला मनापासून वाटते.

राऊ, पीथमपूरच्या कारखान्यात अभियंता

राऊविषयी दोन टोकांची मते आहेत. जुन्या इंदूरकरांच्या लेखी ते अजूनही हमरस्त्यावरचे खेडे आहे. प्लॉट विकणाऱ्यांच्या तोंडी मात्र ते आयआयएममुळे शिक्षणाचे केंद्र आहे. संस्था 1996 साली सुरू झाली आणि तिचा परिसर राऊ-पीथमपूर रस्त्यावर टेकडीवर आहे, हे खरे. पण संस्थेच्या फाटकाच्या आत जे रस्ते आणि जी झाडे आहेत, ती आमच्या कॉलनीला लाभलेली नाहीत. जाहिरातीतल्या लौकिकाचे पैसे मोजण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

माझ्यासाठी राऊ सोयीचे आहे, कारण मी सकाळी शहराच्या उलट दिशेने निघतो आणि गर्दी मला समोरून येताना दिसते. माझ्या पत्नीचे कार्यालय विजयनगरला असल्यामुळे तिला मात्र सगळे शहर ओलांडावे लागते. एकाच घरातून निघणाऱ्या दोघांसाठी एकच उपनगर जवळ आणि दूर असू शकते; म्हणून अंतर नकाशावर न मोजता दोघांच्याही कामाच्या वेळेला प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

पाण्याचे सविस्तर लिहितो. आमच्या कॉलनीत बोरिंगचे पाणी आहे. एप्रिल संपता संपता बोरिंग हवा ओढू लागते, मग टँकर मागवावा लागतो आणि तो कोणाच्या हौदात आधी रिता करायचा यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत कुरबुरी होतात. पाणी जड आहे. चहाच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, नळाच्या जाळीत खडे अडकतात आणि गिझरचे कॉइल वारंवार बदलावे लागते.

दुसरी बाब जमिनीची. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर दारे चौकटीत अडकू लागतात. आमच्या रांगेतल्या एका घराला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग उन्हाळ्यात इतकी रुंदावते की तीत नाणे सहज मावते. पावसाळ्यात ती मिटते आणि घरमालक पुन्हा रंग देऊन मोकळे होतात. असे घर ज्यांना पावसाळ्यात दाखवले जाते, त्यांना ताज्या रंगाखेरीज काहीच दिसत नाही.

असे असूनही आम्ही इथेच राहणार आहोत. मोकळी हवा आहे, घरासमोर मुलांना खेळायला जागा आहे आणि कामावरून मी उजेडात घरी येतो.

पीथमपूर

आम्हाला या यादीत कोणी धरत नाही, कारण जिल्हा धार लागतो आणि गावाचे नाव धुराशी जोडलेले आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये इथे आणला गेला आणि जूनअखेर तो जाळून झाला. त्या काळात गावात केवढी भीती होती, ते आम्ही पाहिले आहे. मोठ्या शहराने आपले नकोसे ते आमच्या दारात टाकावे, याचे दुःख आजही आहे. भाडे कमी आहे आणि काम पायी जाण्याच्या अंतरावर आहे, एवढ्यासाठी आम्ही राहतो.

महू, छावणीतले जुने रहिवासी

आमच्या गावाचा जन्मच छावणी म्हणून झाला. 1818 च्या मंदसौर तहानंतर इंग्रजांनी इथे फौज ठेवली आणि आजही इन्फंट्री स्कूलसारख्या लष्करी संस्थांमुळे गावाला शिस्त आहे. रस्ते सरळ आहेत, झाडी दाट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म 1891 साली इथेच झाला. 14 एप्रिलला देशभरातून, विशेषतः महाराष्ट्रातून, माणसे येतात आणि गावातले लोक त्यांच्या पाण्याची, जेवणाची सोय करतात. त्या दिवशी महूकर असल्याचा अभिमान वाटतो. 2003 साली गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले.

घर घेणाऱ्यांनी मात्र सावध असावे. छावणीतल्या अनेक जुन्या बंगल्यांखालची जमीन सरकारची असून मालकाचे असते ते फक्त वरचे बांधकाम. विक्री असो वा दुरुस्ती, परवानगीवाचून पान हलत नाही. याच बंधनांमुळे इथे उंच इमारती आलेल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

इंदूरला जायला डेमू ही लोकल रेल्वेगाडी आहे. ती राऊ, राजेंद्रनगर आणि लोकमान्यनगर घेत जाते. वेळ जुळली तर याहून बरा प्रवास नाही, पण गाड्या थोड्या असल्याने कार्यालयाची वेळ गाडीशी जुळेलच असे नाही. मोठ्या दुखण्याला इंदूर गाठावेच लागते, आणि आईच्या आजारपणात रात्रीचा तो रस्ता आम्हाला फार लांब वाटला.

आधी राऊ, आता राजेंद्रनगर, खासगी नोकरी

मी एकटी राहते. राऊमध्ये खोली मोठी आणि भाडे कमी होते. परंतु रात्रीची पाळी संपल्यावर मुख्य रस्त्यापासून कॉलनीपर्यंत दिवे नव्हते, आणि ती वाट मला रोज भीतीने चालावी लागे. राजेंद्रनगरला उशिरापर्यंत दुकाने उघडी असतात, ओसरीवर कोणी ना कोणी बसलेले असते आणि शेजारच्या काकू मी आले का, हे पाहतात. घर लहान असूनही मला इथे बरे वाटते.

राऊच्या दादांना एक विचारायचे आहे. माझे आई-वडील तिकडेच प्लॉट पाहत आहेत आणि विकणारे डायरीवर, म्हणजे रजिस्ट्रीशिवाय नुसत्या वहीतल्या नोंदीवर, पैसे घेऊ म्हणतात. कोणती कागदपत्रे मागावीत?

राऊहून उत्तर

ताई, डायरीवर एक रुपयाही देऊ नये. त्या वहीतल्या नोंदीला रजिस्ट्रीची किंमत नाही आणि पैसे अडकले तर हातात काहीच उरत नाही. जमिनीचे डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती करणे) झाले आहे का, टीएनसीपीने (नगर व ग्राम नियोजन खात्याने) मंजूर केलेल्या नकाशात तुम्हाला दाखवलेला प्लॉट त्याच क्रमांकाने आहे का आणि रेरा नोंदणी क्रमांक काय आहे, या तिन्हींच्या प्रती मागा आणि रेराचा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा. कॉलनी नगर परिषदेकडे सोपवली गेली आहे की नाही, हेही कार्यालयात जाऊन विचारा. सोपवलेली नसेल तर रस्त्यावरचे दिवे, गटारे आणि कचरा यांसाठी वर्षानुवर्षे विकासकाच्याच मागे फिरावे लागते. आई-वडिलांना प्लॉट पाहायला मे महिन्यात आणा आणि शेजारच्या घरी बोरिंग किती फूट खोल आहे, ते विचारा.