टीसी न्यायला आलेल्या मुलांना विचारा, हायस्कुलात चांगलं काय होतं

मलप्रभाकाठ

एसएसएलसीचा, म्हणजे इथल्या कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात हायस्कुलांच्या गेटवर फलक चढतात. पहिल्या तिघांचे फोटो, ६२५ पैकी गुण, खाली पदाधिकाऱ्यांची नावं. त्या तिघांना कोणी घडवलं आणि बाकीच्या मुलांच्या पदरात तीन वर्षांत काय पडलं, याचा एक शब्द तिथं नसतो. मग पालक शाळा निवडतात ती इमारत, गणवेश आणि दारात येणारी व्हॅन बघून. मराठी हायस्कुलांचे वर्ग ओस पडत चाललेत, आणि त्या वर्गांत काय चांगलं चालतं हे ज्यांनी रोज पाहिलं त्या मुलांना आपण कधी विचारतच नाही.

माझं म्हणणं असं आहे: निकालानंतर मुलं टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणि मार्क्स कार्ड न्यायला येतात, त्याच वेळी प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्यावं. कुठल्या विषयानं काय दिलं, कुठल्या शिक्षकामुळं, आणि शिक्षक सोडून शाळेत आणखी कोणाची मदत झाली. सरकारी शाळेत एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत आणि अनुदानित शाळेत पालक सभेत ही पानं मोठ्यानं वाचावीत.

आमच्या गल्लीतल्या दहावी झालेल्या मुलींना मी सहज विचारलं होतं. एकीनं सांगितलं, कन्नडच्या बाईंनी तहसीलदार कचेरीचे खरे अर्ज वर्गात आणून भरून घेतले, आता घरातली सगळी कागदपत्रं तीच वाचते. दुसरीनं गणिताच्या सरांचं नाव घेतलं. पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटीकडून येणाऱ्या बसला उशीर व्हायचा, पहिला तास बुडायचा. सर मधल्या सुट्टीत त्या मुलांना घेऊन बसायचे आणि बुडालेलं गणित पुन्हा फळ्यावर मांडायचे. तिसरी चित्रकलेबद्दल इतकं बोलली की मला थांबवावंसं वाटलं नाही. रंग कसे मिसळतात इथपासून तिनं सुरुवात केली आणि जीवशास्त्राच्या आकृत्या त्या तासामुळंच जमू लागल्या इथपर्यंत आली. एकीनं ऑफिसातल्या क्लार्कचं नाव घेतलं. शिष्यवृत्तीचा अर्ज आधार आणि बँक खात्याच्या नावातल्या फरकामुळं तीनदा परत आला होता, त्यांनी तो मार्गी लावला.

हे गावाला कळायला नको का? संविधानातलं ३५०अ कलम १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असं ते सांगतं, पण प्राथमिक टप्प्यापुरतं. हायस्कुलाबद्दल त्यात काही नाही. म्हणजे आठवीपासून पुढचं मराठी शिक्षण टिकणार ते पालकांच्या विश्वासावर, आणि तो विश्वास मुलांच्या शब्दानं जेवढा बसेल तेवढा फलकानं बसणार नाही.

शहापूरकर

ताई, कळकळ पोचली. तरी विरोध नोंदवतो.

मुलांचं कौतुक पुरावा म्हणून धरता येत नाही. प्रथम भाषेचे २५ आणि उरलेल्या पाच विषयांचे प्रत्येकी २०, असे १२५ अंतर्गत गुण शाळेच्या हातात असतात. ज्यांच्या हातात गुण आहेत त्यांच्याबद्दल जपून बोलायचं, हे मूल आठवीतच शिकतं. टीसी मिळाली म्हणून ती सवय एका दिवसात जाणार नाही. शिवाय धाकटा भाऊ किंवा बहीण त्याच शाळेत असते. तुम्हाला सगळीकडून ‘सगळे शिक्षक खूप चांगले आहेत’ हेच लिहून मिळेल.

दुसरं, पंधरा वर्षांच्या मुलाला जो रागावत नाही तो शिक्षक आवडतो. प्रयोगवही तीनदा परत करणाऱ्या बाईंचं नाव कोण लिहील? ज्यांचं नाव एकाही पानावर येणार नाही, त्यांना आपण भर सभेत नापास ठरवणार आहोत.

निपाणीची लेक

शहापूरकर सर, मी लिहीन. माझं हायस्कूल संपून फार दिवस झालेले नाहीत आणि प्रयोगवही परत करणाऱ्याच बाईंचं नाव माझ्या पानावर पहिलं असेल. तास संपला तरी मुलं प्रयोगशाळेतून निघत नसत, कारण त्या स्वतः आकृती न काढता आमच्याकडून काढून घ्यायच्या आणि कुठं चुकलं ते आम्हालाच शोधायला लावायच्या. त्या रागवायच्या, भरपूर रागवायच्या. मुलांना रागावणं आणि हिडीसफिडीस करणं यातला फरक बरोबर कळतो हो.

आमच्याकडं बऱ्याच मुली तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळायला जाणाऱ्या घरांतल्या. त्यांच्या आयांना पालक सभेला यायला सुट्टी मिळत नाही, शाळेत काय चाललंय ते त्यांना मुलींकडूनच कळतं. घरात रोज जे बोललं जातं तेच सभेत वाचलं जाईल, यात गैर काय आहे?

गुंजीचा गडी

मी सरळ बोलतो. माझी पोरगी इंग्लिश मिडियमला हाय. मराठी शाळेतलं मास्तर वाईट म्हणून नव्हे, मी स्वतः तिथंच शिकलोय आणि त्या मास्तरांना आजही वाकून नमस्कार करतो. पण माझ्या पुतण्याचं काय झालं बघा की. दहावीला चांगले मार्क पडले, सायन्सला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, घातला. पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. जे मराठीत पाठ होतं ते ओळखू येईना. पहिल्या चाचणीनंतर घरी येऊन कॉमर्सला बदलून द्या म्हणून रडायला लागला. पोरगं हुशार होतं. त्याला विचारलासा तर तो हायस्कूलचं कौतुकच करील. पण त्या कौतुकाचा त्याला पीयूसीत काय उपयोग झाला? पालकानं पुढचं बघायचं का पोरांच्या आठवणी ऐकत बसायचं?

मलप्रभाकाठ

गुंजीकर दादा, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात कळीचा आहे. म्हणूनच म्हणते, आणखी एक पान हवं. पीयूसीचं पहिलं वर्ष संपल्यावर त्याच मुलांना परत विचारावं, हायस्कुलातलं काय कामी आलं आणि काय कमी पडलं.

अशा काही मुलांशी बोलल्यावर माझ्या कानावर जे आलं ते सांगते. विज्ञानाचे सर ज्या वर्गात प्रत्येक व्याख्येशेजारी इंग्रजी नाव लिहीत आणि आठवड्यातून एकदा तीच उत्तरं इंग्रजीतून तोंडी विचारत, तिथल्या मुलांना पीयूसीत जड गेलं, पण ती बुडाली नाहीत. जिथं हे झालं नाही तिथं तुमच्या पुतण्यासारखं झालं. माध्यम दोन्हीकडं मराठीच होतं, शिकवण्याच्या सवयीत फरक होता. ती सवय चांगली आहे हे शेजारच्या गावातल्या हायस्कुलाला कोण सांगणार? मुलांनी लिहून दिलं तरच कळेल.

शहापूरकर सर, नुसतं ‘सगळे चांगले’ येऊ नये म्हणून प्रश्न नेमका विचारायचा: कुठल्या तासाला असं काय झालं की तुम्हाला समजलं? मुलांची नावं वाचायची नाहीत.

तरुण सीमावासी

मला एका गोष्टीचा त्रास झाला. मराठी शाळेच्या कौतुकात पहिलं उदाहरण कन्नडच्या तासाचं? ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्के किंवा जास्त आहे तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजेत, यासाठी आपली माणसं कित्येक वर्षं मोर्चे काढताहेत. तो कागद मराठीत मिळणं हा आपला हक्क आहे. मुलीला कन्नड अर्ज भरता आला म्हणून आनंद मानायचा, तर हक्क मागायचं कारणच उरत नाही.

निपाणीची लेक

दादा, हक्काच्या मोर्चात मीही चालले आहे. पण त्या कन्नडच्या बाई म्हणजे सरकार नव्हेत. घरी कन्नडचा एक शब्द कानावर न पडणाऱ्या पोरांना त्यांनी न चिडवता, न हिणवता अक्षरं गिरवायला लावून वाचतं केलं. एखाद्या मुलीला त्या तासाबद्दल मनापासून काही वाटत असेल तर आपल्या लढ्याला शोभत नाही म्हणून तिनं ते लपवायचं का? माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी अकरावीला सीमा ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात गेल्या, तिथं कन्नड लागलं नाही. ज्या चिकोडीला आणि बेळगावला राहिल्या त्यांना रोज लागतं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायचं तर मातृभाषा मराठी असलेल्या सीमाभागातल्या मुलांना वेगळ्या प्रवर्गातून अर्ज करता येतो, हे मात्र आमच्या वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. तेही पानावर लिहायला हवं. काय मिळालं हे मोकळेपणानं लिहू दिलं तर काय मिळालं नाही हेही मुलं लिहितील.

निवृत्त मास्तर, बेळगाव तालुका

सगळी मतं वाचली. मी आयुष्यभर मराठी माध्यमात समाजविज्ञान शिकवलं. विद्यार्थ्यांचं प्रेम भरपूर मिळालं, दहा-दहा वर्षांपूर्वीच्या बॅचा स्नेहमेळाव्याला बोलावतात, शाल देतात. त्या प्रेमाबद्दल मनात कृतज्ञता आहे. तरीही या प्रस्तावाच्या मी विरोधात आहे, आणि माझं कारण शहापूरकरांच्या कारणाहून वेगळं आहे.

ज्या हायस्कुलात निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या गेलेल्या नाहीत, तिथं आज अर्धा भार अतिथी शिक्षक उचलतात. मानधन थोडं, तेही वेळेवर नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेत असू याची खात्री नाही. तुमचं पान वाचलं जाईल तेव्हा ज्याचं नाव त्यावर असेल तो तरुण कदाचित दुसऱ्या तालुक्यात असेल, किंवा शिकवणं सोडून उद्यमबागच्या कारखान्यात लागला असेल. त्याला टाळ्यांचा काय आधार?

आणि मला अधिक भीती याची वाटते. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात आम्ही शिक्षक मागायला जायचो तेव्हा विचारलं जायचं, निकाल तर चांगला आहे, मग अडचण काय? आता त्यात मुलांच्या स्तुतीच्या पानांची भर पडेल. एक गणित शिक्षक दोन शाळा सांभाळतो आणि मुलं त्याच्यावर खूश आहेत, हे वाचून दुसरा शिक्षक कोणीही देणार नाही. माणसं जीव तोडून काम करतात तेव्हा व्यवस्थेची उणीव झाकली जाते, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

मलप्रभाकाठ

सर, तुमचं बोलणं मनाला लागलं. पण मला वाटतं, आज जागा रिकाम्या राहतात त्या गप्प राहिल्यामुळंच. अतिथी शिक्षक निघून जातो तेव्हा गावात कोणाला पत्ता लागत नाही, कारण तो काय करत होता हेच कोणाला ठाऊक नसतं. भर सभेत वीस मुलांच्या पानांवर एकच नाव वाचलं गेलं आणि पुढच्या जूनमध्ये तो माणूस वर्गात नसला, तर त्याच सभेतले पालक विचारतील की तो कुठं गेला. आज ‘एक पद रिक्त’ असा अर्ज जातो आणि फायलीत पडतो. त्या रिकाम्या पदावर कोण होतं आणि त्यानं काय केलं हे अर्जात लिहिलेलं असलं, तर तो मागं टाकणं अधिकाऱ्यालाही सोपं जाणार नाही.

बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, ताईंबद्दल इथं कोणीच काही लिहिलं नाही. या अक्षरदासोह योजनेच्या स्वयंपाकघरात धुरात उभ्या राहणाऱ्या या बायका कुठलं मूल जेवत नाही, कुठलं मूल दोनदा मागतं, हे शिक्षकांच्या आधी ओळखतात. मी विचारलं तेव्हा मुलींनी त्यांचंही नाव घेतलं होतं.

शहापूरकर

ताईंच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. माझी हरकत कायम आहे, फक्त एक अट घालतो. ही पानं वाचायचीच तर त्याच सभेत आधी मुख्याध्यापकांनी मंजूर पदं किती, भरलेली किती आणि कुठला विषय कोण शिकवतो, हे वाचून दाखवावं आणि इतिवृत्तात लिहावं. हे वाचणार नसाल तर ती पानंही वाचू नयेत. मास्तर, एवढं झालं तर तुमची भीती थोडी कमी होईल का?

निवृत्त मास्तर, बेळगाव तालुका

थोडी. पण इतिवृत्ताची प्रत सहीशिक्क्यानिशी डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) कार्यालयात गेली पाहिजे आणि पोचपावती पालकांकडं राहिली पाहिजे. शाळेकडं ठेवू नका.

गुंजीचा गडी

सभा ठेवणार असलासा तर एक लक्षात असू द्या. मेअखेरीला आमच्याकडं धूळवाफ पेरणी असते, दिवसा बोलावलासा तर कोणी यायचं नाही. संध्याकाळी सातनंतर ठेवा, मी येतो आणि पुतण्यालाबी आणतो, त्याला काय लिहायचं ते लिहू दे. पोरीला मात्र इंग्लिश मिडियममधनं काढणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.