संथ अनुबोधपट : शब्दांची निवड

रोजच्या जगण्याचे, फारसे न बोलता, सावकाश चित्रण करणाऱ्या डॉक्युमेंटरीला मराठीत काय म्हणावे? 'माहितीपट' हा शब्द रुळलेला आहे. पण एक बाई धुतलेली चादर घडी घालते आहे आणि शेवटची सुरकुती हाताने सारखी होईपर्यंत कॅमेरा हलत नाही, अशा दृश्यातून आपल्याला कोणती माहिती मिळते? म्हणून मला जुना 'अनुबोधपट' अधिक योग्य वाटतो. 'डॉक्युमेंटरी'चे मूळ शिकवणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे आणि स्कॉटिश चित्रपटकार जॉन ग्रिअर्सन यांनी तो शब्द १९२६ मध्ये चित्रपटाच्या परीक्षणात वापरला. 'बोध' त्या मुळाशी जुळतोच. शिवाय संस्कृत कोशांत 'अनुबोध' म्हणजे उडून गेलेला गंध पुन्हा जागवणे, असाही अर्थ आहे. सवयीमुळे दिसेनाशी झालेली गोष्ट पुन्हा दिसू लागणे, हे तर या चित्रपटांचे खरे काम आहे.

विशेषणाबाबत मात्र अधिक काळजी घ्यावी लागते. 'मंद' मुख्यतः तीव्रतेबद्दल बोलतो: दिवा मंद असतो, गंध मंद असतो, आणि वेग मंदावला म्हटले की तो आधी जास्त होता, हे गृहीत धरलेले असते. 'संथ'मध्ये अशी घट नाही. संथ पाणी आपल्याच चालीने वाहत असते. कारभाराला 'संथ' म्हणणे ही तक्रार असते हे खरे, पण तिथे घाईची अपेक्षा आधीपासून असते. 'विलंबित' हा ख्यालाच्या लयीसाठी उत्तम शब्द आहे, तरी गाण्याबाहेर त्यातून उशीरच ऐकू येतो. 'रटाळ'चा तर गतीशी संबंधच नाही. भरधाव चित्रपटही रटाळ असू शकतो. परीक्षणांत 'संथ' आणि 'रटाळ' हे शब्द एकमेकांच्या जागी येतात, ते मला फार खटकते.

'मूक' हे विशेषणही येथे चालणार नाही. मूकपटात ध्वनिमुद्रणच नव्हते. येथे निवेदन नसले तरी चादर झटकल्याचा आवाज, दार लोटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. अशा चित्रपटाला 'निवेदनाविना' किंवा नुसते 'शांत' म्हणावे.