जुन्या फार्गोची पेडलं: बुश घालून मूळचीच ठेवावीत की लोंबती पेडलं बसवावीत?

रातांबा (वेंगुर्ले)
आमच्याकडे पन्नासच्या दशकातला फार्गो ट्रक उघडून ठेवलाय. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, म्हणजे मूळ घराणं क्रायस्लरचं. वडिलांच्या काळात यावर चिरा आणि आंब्याच्या पेट्या वाहिल्या, नंतर तो मांगरात उभा राहिला. बाकी काम मार्गी लागलंय, पण क्लच-ब्रेकच्या पेडलांवरून दोन तट पडलेत.

माझं मत आधीच सांगतो. पेडलं, त्यांचा शाफ्ट, खालच्या लिंका सगळं मूळचंच राहावं. झिजलंय तिथे गनमेटलचे बुश (शाफ्ट किंवा पिन ज्यात फिरते ती बदलता येणारी नळी) आणि नव्या पिना घालाव्यात. आमचे मिस्त्री म्हणतात, पायाखालच्या फळीतून वर येणारी ही पेडलं काढून टाका आणि भंगारातल्या नव्या गाडीची वरून लोंबती पेडलं मास्टर सिलिंडरसकट (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो तो) समोरच्या पत्र्यावर लावा.

ब्रेकचं पेडल हाताने हलवलं तर पॅड बोटभर डावी-उजवीकडे जातं. शाफ्ट काढला तेव्हा एका अंगाला चक्क पायरी पडलेली, नखाला लागते. पण पेडलाचा दांडा स्वतः ठणठणीत आहे. झिजलेत ते बुश, पिना आणि पिनांची भोकं. एवढ्यासाठी पत्रा कापायचा?

फोंडाघाट
मी मिस्त्रींच्या बाजूने. तुमच्या ट्रकाचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे. एका चाकाचा पाइप फुटला, एक वॉशर उलटला, की चारही चाकांचा ब्रेक गेला. फोंड्याच्या किंवा आंबोलीच्या उतारावर पेडल फळीला टेकलं तर करणार काय? पुढच्या-मागच्या चाकांची दोन वेगळी सर्किटं असली तर निदान अर्धा ब्रेक हातात राहतो. शिवाय तो मास्टर फळीखाली बसलाय. पावसाळ्यात चाकांनी उडवलेलं पाणी, लाल चिखल सगळं त्याच्या अंगावर. झाकण उघडायचं तर आधी फळी उचला. मूळपणाची हौस मलाही आहे, पण ती रंगात, डॅशबोर्डात ठेवा. ब्रेकात नको.

लेथवाला (चिपळूण)
लोंबती पेडलं बसवून आलेले जुने ट्रक पाहिलेत म्हणून बोलतो. या पत्र्यावर पेडलाचा भार येईल असा हिशेब मूळ बनवणाऱ्याने केलेलाच नाही. मागून जाड प्लेट न देता पेडल लावलं की जोरात ब्रेक मारताना पत्रा आत-बाहेर होतो. पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. पुढे बोल्टाच्या भोकांपासून चिरा पडायला लागतात.

बुशाचं काम अवघड नाही, पण क्रम चुकवू नका. बुश दाबून बसवला की आतून किंचित आवळतो. म्हणून आधी प्रेस करा, मग रिमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारा. शाफ्ट हाताने फिरला पाहिजे आणि हलता कामा नये. ग्रीसचा चर कापलात तर त्याचं भोक निपलसमोरच आलं पाहिजे, नाहीतर कितीही ग्रीस मारा, आत जाणार नाही. ओव्हल झालेली पिनांची भोकं वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल करतात, ते मला पसंत नाही. वेल्डिंगची जागा कडक होते आणि ड्रिल मऊ बाजूला सरकतं. भोक मोठं करून त्यात बुश घाला.

सुरंगी (रत्नागिरी)
गनमेटलला माझंही मत. मिरकरवाड्याला ट्रॉलरच्या शाफ्टची कामं करणारे टर्नर आहेत, त्यांना खाऱ्या पाण्यातला बुश शिकवावा लागत नाही. पण पिना स्टेनलेसच्या करा असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. नेहमीचं ३०४ स्टेनलेस किनाऱ्यावर चमकत राहत नाही, त्याला बारीक खड्डे पडतात. वर ते कडक केलेल्या पोलादी पिनेपेक्षा मऊ, त्यामुळे झिजतंही लवकर. कडक पोलादी पिन आणि भरपूर ग्रीस, हेच टिकतं. चासीचं कॅल्शियम ग्रीस पाण्याने सहजी धुऊन जात नाही. स्प्लिट पिन मात्र स्टेनलेसची चालेल.

रिटर्न स्प्रिंगला झिंक प्लेटिंग करणार असाल तर जपून. कडक स्प्रिंगमध्ये प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि ती ठिसूळ होते. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत तापवून तो काढतात. तशी सोय नसेल तर रंग द्या.

चिरेखाण (कुडाळ)
फोंडाघाट, तुमचां म्हणणां पटता माका, पण क्लचाचं कुणीच बोलत नाही. या ट्रकात क्लचला तेल नाही, सगळा दांड्या-लिंकांचा मामला. प्रत्येक सांध्यात थोडं थोडं ढिलं झालं की पेडलाची निम्मी चाल ढिलाईतच संपते. क्लच पुरता सुटत नाही, गिअर टाकताना दात करकरतात. मग लोक काय करतात, ॲडजस्टिंग रॉड आवळून पेडलाचा फ्री प्लेच, म्हणजे वरची मोकळी चालच, खाऊन टाकतात. आठवडाभर बरं वाटतं. तोवर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत टेकून फिरत असतं आणि चढावर भरलेल्या गाडीची क्लचप्लेट घसरते. वरती इंचभर मोकळी चाल हवीच. ती ठेवून क्लच सुटत नसेल तर सांधे करा, रॉडला हात लावू नका.

फोंडाघाट
क्लच मूळचा ठेवा, माझी हरकत नाही. ब्रेकवर मात्र मी ठाम आहे. बुश बदलून एक सर्किटाची दोन होत नाहीत, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

रातांबा (वेंगुर्ले)
तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो मला टाळायचा नाही. पण दोन सर्किटं आणि लोंबती पेडलं ही दोन वेगळी कामं आहेत. चासीला ब्रॅकेट करून दुहेरी मास्टर फळीखालीच बसवता येतो, पेडल तेच राहतं. एकच पाहायचं, चारही चाकं ड्रमची आहेत, तेव्हा लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह हवा. जुन्या मास्टरात तो आतच असतो. डिस्कच्या गाडीचा मास्टर उचलून लावला तर तो मिळेलच असं नाही.

आणि पुशरॉड, म्हणजे पेडलापासून मास्टरच्या पिस्टनपर्यंतचा दांडा. पिस्टनपुढे एक-दीड मिलिमीटर मोकळी जागा पाहिजे. पेडलाचं प्रमाण सहाला एक धरलं तर पॅडवर सहा ते नऊ मिलिमीटर येते. ती नसेल, किंवा गंजलेल्या बुशामुळे पेडल पूर्ण वर आलं नाही, तर मास्टरमधलं बारीक परतीचं भोक झाकलेलंच राहतं. ब्रेक धरून राहतो, ड्रम तापतात, तेल फुगतं आणि आणखी धरतो. लोक चाकं उघडून लायनर घासत बसतात आणि दोष असतो पेडलाच्या बुशात. म्हणून मी या बुशांसाठी एवढा हट्ट धरून बसलोय.

सुरंगी (रत्नागिरी)
कागदांचं एक. २०२१ च्या केंद्रीय नियमात व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. तो नियम खासगी, बिगर-व्यावसायिक वापराच्या गाड्यांसाठी आहे, मालवाहू ट्रकाला लागेल असं गृहीत धरू नका. पत्र्याला कात्री लावण्याआधी आरटीओत विचारा.

फोंडाघाट
फळीखाली दुहेरी मास्टर बसवणार असाल तर माझा अर्धा विरोध मागे. उरलेला अर्धा तेलाचा. झाकणाची जागा तीच राहणार, म्हणजे कुणी बघणार नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे चार महिने हवाच ओली. तेलाची बाटली वरती पत्र्यावर लावून पाइपने खालच्या मास्टरला जोडा, म्हणजे बॉनेट उघडलं की पातळी दिसेल. आणि दर गणपतीनंतर तेल बदला.

रातांबा (वेंगुर्ले)
बाटली वर घेतो. लेथवाले दादा, दुहेरी मास्टरचा बोअर मूळच्या मापाचाच ठेवू ना? मोठा घेतला तर पेडल जड होईल, लहान घेतला तर चाल पुरायची नाही. आणि मूळच्या पेडल पॅडचं रबर कुणाच्या अडगळीत पडलेलं असेल तर कळवा, भेगा गेलेलं असलं तरी चालेल, साचा काढायला हवंय.