आमच्या मैदानावरचे चाचा गेले : रविवारच्या सामन्यात त्यांना मान कसा द्यावा?

जिंतूर रोडचा स्टॉपर (परभणी)

नमस्कार. आमच्या मैदानावर तीन पिढ्यांनी ज्यांना केवळ 'चाचा' म्हणून ओळखले, ते गेल्या गुरुवारी पहाटे वारले. वय चौऱ्याहत्तर होते. सत्तरच्या दशकात ते जिल्ह्याच्या संघातून राइट हाफला, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे, खेळत असत, आणि खेळणे सुटल्यावर बसस्थानकाजवळच्या आपल्या सायकलच्या दुकानात बसून त्यांनी आम्हा सर्वांचे फुटबॉल सांभाळले. वादीने आवळायचा चामड्याचा फुटबॉल आता कोणी वापरत नाही, पण माझ्या लहानपणी आमच्याकडे तसा एक उरला होता. त्याचा ब्लॅडर बाहेर काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवायचा, बुडबुडा दिसेल तिथे बोट दाबून ठेवायचे, मग पुसून, कानशीने घासून, सुलोचन (पंक्चरचे सोल्यूशन) लावून त्यावर फुंकर घालत बसायचे, हे सारे त्यांनी आमच्यासाठी कितीदा केले असेल याची गणतीच नाही. पैसे कधी घेतले नाहीत. "गेंद को मारो नक्को, भेजो," एवढे बजावून फुटबॉल हातात द्यायचे.

येत्या रविवारी शेजारच्या तालुक्याच्या संघाशी आमचा सामना आहे आणि त्यात चाचांना श्रद्धांजली वाहायची, यावर कोणाचे दुमत नाही. दुमत आहे ते पद्धतीबद्दल. मोठ्यांना एक मिनिट मौन हवे आहे, तर मुले टीव्हीवर पाहतात तशा टाळ्या म्हणतात. दहा बाय आठचा फ्लेक्स करायला टाकला आहे आणि त्यावर चाचांच्या भोवती अकरा जणांचे फोटो आहेत, ज्यांतल्या निम्म्यांनी फुटबॉलला पाय लावलेला मी तरी पाहिलेला नाही. फोटोला हार घालून समई लावायची, असेही एकाने ठरवून टाकले. पण जियारतीच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या प्रार्थनेच्या, दिवशी भेटायला गेलो तेव्हा चाचांच्या मुलाने मला बाजूला घेऊन, फोटोला हार घालू नका, आमच्यात तसे करत नाहीत, असे अगदी संकोचाने सांगितले. वर्गणीचे १८,००० रुपये जमले आहेत आणि त्यातून स्मृतिचषक सुरू करावा, असाही एक विचार आहे. ज्यांनी असे प्रसंग जवळून पाहिले असतील, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आमखासचा पंच (छत्रपती संभाजीनगर)

आपल्या दुःखात सहभागी आहे. पहिली गोष्ट हाराची. मुलाने संकोचाने सांगितले असले, तरी तो निर्णयच समजावा आणि समितीत त्यावर चर्चासुद्धा करू नये. आमखास मैदानावर आम्ही वर्षानुवर्षे हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती असे एकाच संघात खेळत आलो, तरी श्रद्धांजलीची वेळ आली की हात आपोआप हार आणि उदबत्तीकडे जातो, कारण शाळेपासून आपण तेवढेच पाहिलेले असते. फोटोसुद्धा ठेवायचा की नाही, हे घरच्यांना विचारावे. त्यांना नको असेल, तर मधल्या वर्तुळात एक फुटबॉल ठेवला तरी भागते.

मौन की टाळ्या, याविषयी पंच म्हणून सांगतो. नोव्हेंबर २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे जुने खेळाडू जॉर्ज बेस्ट वारले, तेव्हा इंग्लंडमधल्या अनेक मैदानांवर मौनाऐवजी मिनिटभर टाळ्या वाजवल्या गेल्या आणि पुढे ती पद्धत तिथे रुळली. तिच्यामागे भावना आहे तसा व्यवहारही आहे : हजारोंच्या मौनात एकजण ओरडला तरी सगळ्यावर पाणी पडते, टाळ्यांत मात्र तो ओरडणारा बुडून जातो. आपल्याकडे तीन-चारशे माणसे असतील आणि त्यांतली निम्मी चाचांना ओळखणारी असतील, तेव्हा मौनच बरे. फक्त ते खरोखर साठ सेकंदांचे असावे. आपल्याकडचे एक मिनिट वीस सेकंदांत संपते, कारण माइकवाल्याला तेवढी शांतता सोसत नाही. म्हणून माइक बंद ठेवावा, दोन्ही संघांनी मधल्या वर्तुळाभोवती उभे राहावे, आणि पंचाने घड्याळ पाहून एका शिटीने मौन सुरू करून दुसऱ्या शिटीने संपवावे. पाहुण्या संघाच्या कर्णधाराला आदल्या दिवशीच फोन करून सांगावे, म्हणजे त्यांची मुले गोंधळून इकडेतिकडे पाहत उभी राहणार नाहीत.

मुलांना टाळ्यांची हौस असेल, तर त्यालाही वाट आहे. स्पेनमधल्या एस्पान्योल संघाचा कर्णधार दानी हार्के ऑगस्ट २००९ मध्ये अचानक गेला. त्याचा नंबर २१, म्हणून त्या संघाचे प्रेक्षक सामन्याच्या एकविसाव्या मिनिटाला टाळ्या वाजवू लागले आणि खेळ न थांबता चालू राहतो. राइट हाफचा जुना नंबर चार असे. चौथ्या मिनिटाला टाळ्या वाजवाव्यात.

दंडावर काळी फीत बांधणार असाल, तर कापडाची बांधू नये. ती घसरून मनगटावर येते आणि पोरे सामनाभर तीच सावरत राहतात. वायरमनची काळी टेप बरी. आणि गोल झाल्यावर जर्सी काढून आतल्या बनियनवरचा फोटो दाखवण्याचा बेत कोणाच्या मनात असेल, तर त्याला पिवळ्या कार्डाची कल्पना देऊन ठेवावी. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या इनिएस्ताने याच हार्केसाठी जर्सी काढली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मेस्सीने मॅराडोनासाठी काढली. दोघांनाही कार्ड मिळाले. पंचाला त्या क्षणी वाईट वाटत असते, पण नियमात भावनेसाठी रकाना नाही.

जुना गोलकीपर (नांदेड)

स्मृतिचषकाविषयी मी कडू अनुभवातून लिहीत आहे, तेव्हा थोडे तिखट लागले तर क्षमा असावी. आमच्या एका जुन्या खेळाडूच्या नावाने आम्ही मोठ्या उत्साहाने स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी सोळा संघ आले, दुसऱ्या वर्षी नऊ, आणि तिसऱ्या वर्षी पाऊस, परीक्षा आणि आपसांतले रुसवेफुगवे यांत ती कधी बंद पडली ते कळलेही नाही. दुसऱ्या वर्षी तर चषक देणाऱ्याचे नाव वर मोठ्या अक्षरांत आणि ज्याची स्मृती त्याचे नाव खाली कंसात, असा फ्लेक्स लागला होता. त्या खेळाडूच्या पत्नी उद्घाटनाला आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या वर्षी "यंदा नाही का?" असे मात्र त्यांनी मला भाजी बाजारात विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. न सुरू केलेल्या स्पर्धेपेक्षा बंद पडलेली स्पर्धा घरच्यांना जास्त लागते.

१८,००० रुपयांत स्पर्धा होत नाही. मंडप, पंचांचे मानधन, पाणी, चषक यांतच ते संपतात. त्या रकमेत चांगले फुटबॉल, एक मजबूत हातपंप आणि गोलपोस्टच्या जाळ्या येतील, आणि चाचा आयुष्यभर जे करीत होते तेच पुढे चालू राहील. दरवर्षी एखादेच काम करावे, पण ते न चुकता करावे. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे त्या दिवशी रक्तदान होते. ते खेळाडू नव्हते, प्रेक्षक होते. पण इतक्या वर्षांनंतरही तो दिवस पाळला जातो, कारण काम ठरलेले आहे आणि त्याला मंडप लागत नाही.

जर्सीचा नंबर निवृत्त करण्याची सूचनाही कोणीतरी करीलच, म्हणून आधीच लिहितो. इटलीच्या नेपोली संघाने मॅराडोनाचा दहा नंबर बाजूला ठेवला. आपल्याकडे गोव्याच्या डेम्पो संघाने क्रिस्तियानो ज्युनियरचा दहा नंबर ठेवला, जो डिसेंबर २००४ मध्ये बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मैदानावरच कोसळून गेला. हे मोठ्या संघांना शोभते. आमच्याकडे चौदा जर्सी आहेत आणि त्यांतल्या तिघींचे नंबर धुऊन गेले आहेत. त्यांतली एक कपाटात ठेवली, तर एक पोरगा बाहेर बसेल.

एका खेळाडूची मुलगी (लातूर)

माझे वडील याच काळात खेळत असत आणि सहा वर्षांपूर्वी गेले, म्हणून घरच्यांच्या बाजूने दोन गोष्टी मांडते. त्यांच्या शोकसभेत सात भाषणे झाली. त्यांतल्या चौघांनी ते 'उत्कृष्ट क्रीडापटू आणि दिलदार व्यक्तिमत्त्व' होते असे सांगितले आणि एकाने त्यांना गोलकीपर करून टाकले, जे ते कधीही नव्हते. आई शेवटपर्यंत शाल मांडीवर घेऊन बसून होती. कार्यक्रम संपल्यावर अंबाजोगाईहून आलेले एक वृद्ध गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "वहिनी, ह्यानं एकदा पेनल्टी वाया घालवली आणि आम्ही हरलो. परत येताना एसटी थांबली तिथं ह्यानं खिशातले सगळे पैसे काढून सगळ्यांना भजी खाऊ घातली आणि स्वतः गाडीत बसून राहिला." आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली आणि मग पहिल्यांदा रडली. आम्हाला ही हकिगत ठाऊकच नव्हती.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, भाषणे ठेवू नयेत. त्याऐवजी एक जाड वही घ्यावी आणि चाचांबरोबर खेळलेले जे कोणी हयात असतील, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी उतरवून घ्याव्यात. त्यांनी वाया घालवलेली पेनल्टीसुद्धा लिहावी. ही माणसे सत्तरीच्या पुढची आहेत, त्यामुळे हे काम फ्लेक्सच्या आधी करावे. आणखी एक : प्रदर्शनासाठी म्हणून घरातून जुने फोटो, पदके नेली, तर ती मोजून न्यावीत आणि मोजून परत करावीत. आमच्या घरून तीन ढाली गेल्या, त्या अजून यायच्या आहेत.

शेवटच्या वर्षांत वडिलांना विस्मरण झाले होते. त्याचे कारण फुटबॉल होते असे मी म्हणत नाही, कारण ते कोणी तपासलेले नाही. पण इंग्लंडमधले वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियन संघाचे जुने खेळाडू जेफ ॲस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेले, तेव्हा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने चेंडू डोक्याने मारून मारून झालेल्या इजेला जबाबदार धरून तो व्यवसायजन्य आजार ठरवला होता. पुढे बारा वर्षांनी त्यांच्या कुटुंबाने न्यायाची मागणी लावून धरली, तेव्हा त्या संघाचे प्रेक्षक सामन्याच्या नवव्या मिनिटाला त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत असत, कारण त्यांचा नंबर नऊ होता. वर आमखासच्या पंचांनी टाळ्यांचे लिहिले आहे, म्हणून ही जोड. त्या टाळ्यांत मागणीही होती. चाचांच्या घरी औषधांची उधारी वगैरे काही शिल्लक आहे का, हे कोणी तरी एकट्याने जाऊन, चारचौघांत नव्हे, विचारले आहे का?

काचीगुडा पॅसेंजर (जालना)

थोडे विषयाच्या कडेने, पण विषय सोडून नव्हे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्यांचे फुटबॉल मुंबईकडे नव्हे, मनमाड-काचीगुडा मीटरगेजच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे हैदराबादकडे, पाहत असे. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन तिथल्या रोव्हर्स कप स्पर्धेचा चषक नेला, त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक जिंकला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

त्या १९६२ च्या संघातले पी. के. बॅनर्जी २० मार्च २०२० रोजी गेले, कर्णधार चुनी गोस्वामी ३० एप्रिलला गेले आणि सिकंदराबादचे तुळशीदास बलराम फेब्रुवारी २०२३ मध्ये. पहिल्या दोघांच्या वेळी करोना होता, हे मान्य. पण बलराम गेले, तेव्हा आमच्या मैदानावर रोजच्यासारखाच सराव झाला आणि कोणाला पत्ताही नव्हता. त्याच मैदानावर मॅराडोनाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या होत्या. मॅराडोनाबद्दल आकस नाही. मी स्वतः एक लावली होती. परभणीकरांनी चाचांची वही करावीच, आणि ते हैदराबादला कधी खेळायला किंवा सामना पाहायला गेले होते का, हेही त्यात विचारून लिहावे.

जिंतूर रोडचा स्टॉपर (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी सामना झाला, म्हणून कळवतो. हार आणि समई पहिल्याच बैठकीत रद्द झाली. फ्लेक्सवरचे अकरा फोटो काढण्यावरून मात्र बराच वाद झाला, दोघे रागावून निघून गेले, आणि अखेर फ्लेक्सच लावला नाही. छापणाऱ्याचा आगाऊ पैसा बुडाला. मौन पंचांनी घड्याळ लावून पाळले. साठ सेकंद किती लांब असतात, हे मला काल समजले. पलीकडच्या रस्त्यावर एक कुल्फीवाला घंटी वाजवत चालला होता, तोही आमच्याकडे पाहून थांबला.

चौथ्या मिनिटाच्या टाळ्यांची कल्पना आदल्या दिवशी चाचांच्या मुलाला सांगितली, तर तो हसू लागला. त्या काळी संघाकडे जर्सी नव्हत्या. पांढरे बनियन निळीत बुडवून घालत आणि एका पावसात ते पुन्हा पांढरे होत. नंबर कुठला? मग टाळ्या सोडून दिल्या. लातूरच्या ताईंनी सुचवलेली चौकशी मी एकट्याने जाऊन केली. त्याबद्दल इथे लिहीत नाही, पण वर्गणीतला मोठा भाग कुठे गेला, हे समितीतल्या दोघांना ठाऊक आहे. उरलेल्या पैशांत दोन फुटबॉल आणि एक पंप घेतला. पंप चाचांच्या दुकानातच राहील, कारण दुकान मुलगा चालवणार आहे.

वही सुरू झाली आहे आणि आतापर्यंत चौघांच्या आठवणी मिळून एकतीस पाने भरली आहेत. चाचा हैदराबादला गेले होते का, यावर चौघांचे एकमत नाही. नांदेडला खेळलेल्या एका अंतिम सामन्याबद्दल तर दोघे हमरीतुमरीवर आले : एकाच्या मते आपण एका गोलने हरलो आणि तो गोल चाचांच्या पायाला लागून गेला; दुसऱ्याच्या मते दोन गोलांनी हरलो आणि चाचा त्या दिवशी तापाने फणफणून बाहेर बसले होते. दोन्ही हकिगती समोरासमोरच्या पानांवर लिहून ठेवल्या आहेत. नांदेडच्या जुन्या गोलकीपरांना विनंती आहे की, १९७५-७६ च्या सुमारास आपल्या संघाच्या गोलमध्ये कोण उभे राहत असे आणि ते गृहस्थ आज भेटतील का, एवढे कळवावे. मी येऊन जाईन.